महापालिकेच्या शाळेतली माँटेसरी बालवाडी: मुलीला घालू का?

लालबागकरीण:

नमस्कार मंडळी. जूनमध्ये माझ्या मुलीला तीन वर्षं पूर्ण होतील. घरापासून चालत पाच-सात मिनिटांवर महापालिकेची मराठी शाळा आहे आणि तिथल्या बालवाडीत माँटेसरी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतः सामान हाताळत आपल्या गतीने शिकतं तसं, शिकवतात असं शेजारच्या वहिनींकडून कळलं. मी चौकशीला गेले तेव्हा सुट्टी होती. वॉचमनकाकांनी खिडकीतून वर्ग दाखवला. बुटकी उघडी कपाटं, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या चटया, लाकडी सामान, मुलांच्या उंचीला लावलेला आरसा. बाक एकही नाही. मला तो वर्ग पाहताक्षणी आवडला.

घरात मात्र एकमत नाही. नवरा म्हणतो, महापालिकेच्या शाळेत कोण घालतं आजकाल? माझी नणंद म्हणते, पहिलीच्या प्रवेशाला मुलाखत असते, तिथे ही इंग्रजी न बोलता उभी राहिली तर काय करणार? जवळच्या खासगी माँटेसरीत विचारून आले. वर्षाची फी भरता येईल, पण मग बाकी सगळीकडे हात आखडावा लागेल.

कोणाचं मूल अशा सरकारी बालवाडीत शिकलं आहे का? तिथे खरंच त्या पद्धतीने शिकवतात की नुसतं नाव असतं? आणि पुढे पहिलीत गेल्यावर मुलांचं काय होतं? ज्यांनी स्वतः अनुभवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ठाणेकर_बाबा:

माझा अनुभव खासगीचा आहे, त्यामुळे सरकारीबद्दल बोलत नाही. एवढंच सांगतो की आम्ही ज्या शाळेत घातलं तिथे पाटीवर माँटेसरी होतं, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, टीव्हीवर बालगीतं आणि रोजचा गृहपाठ. साडेतीन वर्षांच्या मुलाला एक ते पन्नास लिहून आणायला सांगायचे. तेव्हा पैसे भरले म्हणजे ती पद्धत मिळेलच असं धरून चालू नका.

रात्रपाळी:

ताई, माझा मुलगा अशाच वर्गात दोन वर्षं होता, आता दुसरीत आहे. शाळा गिरणगावातलीच, नाव लिहीत नाही. मी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. पाळ्या बदलत असल्यामुळे कधी सकाळी सोडायला मी, कधी दुपारी आणायला मी, तर कधी दोन्ही वेळा सासूबाई. त्यामुळे वर्ग वेगवेगळ्या वेळी बघायला मिळाला. लांबलचक होईल, पण तुम्ही सविस्तर विचारलंय म्हणून लिहिते.

ठाणेकर म्हणाले ते बरोबर आहे. माँटेसरी हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून वर्गात बसून बघावं लागतं. आमच्या बाईंनी पहिल्याच पालकसभेत सांगितलं होतं, कधीही या, मागे चटईवर बसा, फक्त मुलांशी बोलू नका. मी रात्रपाळी उतरून थेट तिथे जाऊन बसायचे.

वर्गातलं सामान थोडं एका संस्थेने दिलेलं, उरलेलं बाईंनी स्वतः केलेलं. खरखरीत अक्षरं त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर आणून, कापून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. मूल दोन बोटांनी अक्षर गिरवतं आणि त्याच वेळी तोंडाने त्याचा आवाज काढतं. पाणी ओतायला छोटा स्टीलचा तांब्या आणि दोन फुलपात्री. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत मूग ओतायचे, चिमट्याने राजमे उचलायचे, शर्टाची बटणं लावायची, चटई गुंडाळायची. पाणी सांडलं की फडकं कुठे आहे ते मुलांना माहीत. कोणी ओरडत नाही, मूल उठतं, पुसतं, फडकं पिळून दांडीवर टाकतं. माझ्या वॉर्डात पाणी सांडलं की आधी कोणी सांडलं याचा शोध लागतो, म्हणून हे मी डोळे भरून बघितलं.

एक गोष्ट मात्र जशी बघितली तशी सांगते, कारण माझं मन तिथेच पक्कं झालं. काड्यांची पेटी असते. दहा कप्पे, त्यांवर शून्य ते नऊ आकडे. जितका आकडा तितक्या काड्या त्या कप्प्यात ठेवायच्या. आमच्याकडे आईस्क्रीमच्या काड्या होत्या, मोजून पंचेचाळीस. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो आणि बरोबर मांडलं तर शेवटी हातात एकही काडी उरत नाही, एकही कमी पडत नाही. माझ्या मुलाने सातच्या कप्प्यात आठ काड्या टाकल्या. मला मागून दिसत होतं, तोंडावर आलं होतं. बाई शेजारीच बसलेल्या, त्यांनाही दिसलं असणार, त्या गप्प. नऊच्या कप्प्यापाशी आला तेव्हा हातात आठच काड्या. त्याने चटईखाली बघितलं, स्वतःच्या मांडीखाली बघितलं, पेटी उचलून बघितली. मग बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "परत मोजून बघतोस?" एवढंच. त्याने एकापासून सुरुवात केली, प्रत्येक कप्प्यातल्या काड्या बाहेर काढून मोजल्या आणि सातपाशी थांबला. एक काडी उचलून नऊमध्ये टाकली आणि पेटी जाऊन जागेवर ठेवून आला. कोणाकडे बघितलंही नाही की टाळ्या वाजवा म्हणून.

चूक कुठे झाली हे सामानच सांगतं, बाईंना सांगावं लागत नाही. पद्धतीचा गाभा मला तरी तिथे दिसला.

आता घरच्यांचं. तुमच्याकडे आहे तेच आमच्याकडे होतं. सासूबाई रोज विचारायच्या, आज काय शिकवलं? तो म्हणायचा, पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी परत, पाणी ओतलं. समोरच्या खोलीतला त्याच्याच वयाचा मुलगा खासगीत जायचा, तो दिवाळीपर्यंत ए टू झेड लिहायला लागला. आमच्याच्या दप्तरात वही नाही. मी बाईंना सरळ विचारलं. त्यांनी मला खाचांत बसणाऱ्या लहानमोठ्या लाकडी दट्ट्यांची पेटी दिली आणि एक दट्टा उचलायला सांगितला. वर इवलीशी मूठ असते, ती अंगठा आणि दोन बोटं यांतच धरता येते. पेन्सिल धरायची पकड तीच. त्या म्हणाल्या, "हात तयार होतोय. अक्षर ऐकू येऊ दे, बोटाला कळू दे, मग तो लिहील." पुढच्या उन्हाळ्यात तो खडूने जिन्याच्या पायऱ्यांवर कमळ, मगर, बस लिहीत सुटला. चाळीतल्या बायकांनी पायऱ्या पुसायचं काम माझ्यावर टाकलं, ते मी आनंदाने केलं. आपल्या भाषेत जसा उच्चार तसं अक्षर, त्यामुळे एकदा आवाज जुळला की मुलं फार पटकन पुढे जातात, हे बाईंचं म्हणणं मला तंतोतंत खरं वाटलं.

आता अडचणी. त्या कमी नव्हत्या. पावसाळ्यात एका भिंतीला ओल यायची, मग लाकडी सामान सगळं कपाटांवर चढवायचं आणि मुलांना हाताशी काहीच नाही. स्वच्छतागृह व्हरांड्याच्या टोकाला, तीन वर्षांच्या मुलांना एकटं पाठवता येत नाही. दुसऱ्या वर्षी मदतनीस ताई सोडून गेल्या आणि बरेच दिवस जागा भरलीच नाही. बाई एकट्या. पाण्याची कामं बंद, कारण एक मूल स्वच्छतागृहात न्यायचं तर उरलेल्यांकडे कोण बघणार? त्या काळात वर्ग अगदी साध्या बालवाडीसारखा झाला. गाणी, गोष्टी, रंग. मुलं चिडचिडी झाली होती, माझाही झाला होता. पद्धत कितीही चांगली असो, माणूस कमी पडलं की ती टिकत नाही, हे मी रुग्णालयातही रोज बघते. आम्ही पालकांनी मिळून अर्ज दिला, पाठपुरावा केला, तेव्हा कुठे नवीन ताई आल्या.

निवडणुकीत मतदान केंद्रासाठी खोली गेली. सामान पोत्यांत भरून बाजूला ठेवलं होतं, परत आलं तेव्हा दट्ट्यांच्या पेटीतला एक दट्टा गायब. ऐकायला किरकोळ वाटेल. पण एक दट्टा गेला की एक खाच रिकामी राहते, मग मुलाला कळत नाही की आपलं चुकलं की सामानच अपुरं आहे. आमच्या चाळीत एक सुतारकाका आहेत, त्यांनी खाचेचं माप घेऊन सागाचा नवा दट्टा करून दिला. रंग वेगळा आहे, बसतो मात्र अचूक. मुलं त्याला सुतारकाकांचा दट्टा म्हणतात.

म्हणून ताई, घरच्यांना घेऊन जा आणि बघा. सामानावर धूळ आहे का? काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलंय का? सगळी मुलं एकाच वेळी एकच गोष्ट करताहेत का? बाईंचा आवाज वर्गाच्या दारापर्यंत येतो का? यांची उत्तरं हो आली तर मग नाव काहीही असू दे, घालू नका. तीन-साडेतीन वर्षांची आणि पाच वर्षांची मुलं एकत्र दिसायला हवीत. माझ्या मुलाला बटणं लावायला बाईंनी नाही, एका थोरल्या मुलीने शिकवलं.

तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा, महापालिकेच्या शाळेत कोण घालतं याचं उत्तर मी आहे. मी घातलं आणि मला समाधान आहे.

बालवाडीच्या_बाई:

वरच्या ताईंनी वर्ग फार नेमका बघितला आहे. मी आयुष्यभर दादर-परळ भागात बालवाडी चालवली, आता निवृत्त आहे, म्हणून दोन गोष्टी घालते.

ही पद्धत श्रीमंतांची असा आपल्याकडे समज झाला आहे. तिची सुरुवात नेमकी उलटी आहे. मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह, म्हणजे आपल्या बालवाडीसारखीच शाळा, 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत काढलं. आईबाप कामावर जायचे आणि मुलं दिवसभर इमारतीत हुंदडायची, त्या मुलांसाठी. पुढे 1939 मध्ये त्या भारतात आल्या, मद्रासला अड्यारमध्ये शिक्षकांचे वर्ग घेतले, आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत इथेच राहिल्या. पण त्या येण्याआधीच आपल्याकडे काम सुरू झालं होतं. गुजरातमधले शिक्षक गिजुभाई बधेका यांनी भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर काढलं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक तिथे त्यांना जाऊन मिळाल्या, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. म्हणजे लालबागपासून जवळच. मग 1945 मध्ये त्या डहाणूकडच्या बोर्डी गावी गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि 1957 मध्ये काम त्याच भागातल्या कोसबाडला नेलं. आदिवासी पाड्यांवर महागडं सामान कुठून आणणार? शंख, शिंपले, बिया, पानं, गारगोट्या यांच्यावर त्यांनी गणित आणि भाषा शिकवली. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली.

पॉलिश पेपर कापून अक्षरं करणाऱ्या त्या बाई याच वाटेवरच्या आहेत. त्यांना माझा नमस्कार सांगा.

दुसरी गोष्ट मानधनाची. बालवाडीच्या शिक्षिकेला मिळणारे पैसे इतके कमी असतात की चांगली तयार झालेली बाई दोन-चार वर्षांत खासगीत जाते. शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांचा. तीन ते सहाची मुलं त्याच्या बाहेर राहिली. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा पायाभूत टप्पा म्हणून मानला गेला आहे, पण वर्गातल्या बाईंचं मानधन वाढेल तेव्हा मी ते खरं धरेन. ज्या वर्गात मुलगी घालणार आहात तिथल्या बाई किती वर्षांपासून आहेत, हे अवश्य विचारा. मी तर सामानाच्या आधी ते विचारीन.

मुलुंडची_आई:

माझी मुलगी अमेरिकेत असताना सरकारी माँटेसरी शाळेत होती, आता आम्ही परत आलो आहोत. तिथे अशा पाचशेहून जास्त सरकारी शाळा आहेत. जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून बहुतेक ठिकाणी सोडत काढतात, आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांच्या प्रवेशाला काढतात तशीच. आमचं नाव प्रतीक्षा यादीत होतं, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर फोन आला.

या सोडतीमुळे एक फार उपयोगी अभ्यास झाला. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डमध्ये ज्यांचा नंबर लागला आणि ज्यांचा लागला नाही अशा 141 मुलांची तुलना केली, वय तीन ते सहा. 2017 मध्ये तो प्रसिद्ध झाला. माँटेसरीतली मुलं अभ्यासात पुढे गेली, आणि गरीब व सुस्थितीतल्या मुलांमधलं अंतर तिथे कमी होत गेलं. नंबर लागणं हा निव्वळ नशिबाचा भाग असल्यामुळे हुशार पालकांची मुलं म्हणून पुढे गेली असं म्हणता येत नाही. तुमच्या नवऱ्याला आकडे पटत असतील तर हे दाखवा.

अडचण तिथेही होती. तिसरीपासून राज्याच्या परीक्षा सक्तीच्या, त्यामुळे जानेवारी आला की मोठ्या वर्गांत सराव सुरू व्हायचा. सकाळचे सलग तीन तास मुलांना हातातल्या कामावरून कोणी उठवायचं नाही हा नियम, पण कधी चाचणी, कधी कवायत, तुकडे पडायचेच. सरकारी व्यवस्थेत ही पद्धत बसवायची तर ही ओढाताण सगळीकडे आहे असं दिसतं.

लालबागकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. सुतारकाकांचा दट्टा ऐकून तो जरा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, चल जाऊन बघू. पण रात्रपाळी ताई, पहिलीचं राहिलंच. आणि नणंद मुलाखतीचं लावून धरून आहे.

रात्रपाळी:

राहिलं खरं. मुलाखतीचं आधी. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी काहीही घ्यायला 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. कोणी घेत असेल तर ते बेकायदेशीर आहे, नणंदेला तसंच सांगा.

पहिली आम्ही त्याच शाळेत घेतली, मराठीतच. पहिले काही महिने त्याला जड गेले. बाकावर बसायचं, फळ्यावरचं बघून सगळ्यांनी एकदम लिहायचं, घंटा झाली की अर्धवट टाकून दुसरं पुस्तक काढायचं. तो मधेच उठायचा, शेजारच्याला मदत करायला जायचा. पहिलीच्या बाईंना वाटलं मूल चंचल आहे. मी आणि बालवाडीच्या बाई दोघी जाऊन भेटलो, तो काय करून आलाय ते सांगितलं. त्या समजूतदार होत्या. वह्या वाटायचं, रोपांना पाणी घालायचं काम त्याला दिलं, मग उठण्याला वाट मिळाली. दिवाळीनंतर रुळला. वाचनात त्याला कधीच अडचण आली नाही. गणितात हातचा घेणं त्याला एका दिवसात कळलं, कारण दहा सुटे मणी देऊन दहाची एक माळ घ्यायची, हे त्याच्या हाताने कितीदा तरी झालं होतं. अक्षर मात्र वाकडं आहे, वेगाने लिहिता येत नाही, त्यावर अजून मेहनत चालू आहे.

खर्चाचं म्हणाल तर गणवेश, दप्तर, वह्या, बूट, छत्री, सगळं महापालिकेकडून येतं, 27 वस्तू आहेत. उशीर होतो कधीकधी, आमचे बूट पावसाळा अर्धा सरल्यावर आले. वाचलेल्या पैशातून मी दर महिन्याला त्याला पुस्तकं घेते.

इंग्रजी दुसरीत वाचतोय, सावकाश. मला त्याची घाई नाही. मी स्वतः दहावीपर्यंत मराठीत शिकले आणि नर्सिंग इंग्रजीतून केलं. अवघड गेलं, पण झालं.

बघायला जाल तेव्हा शाळा उघडल्या उघडल्या जाऊ नका, तेव्हा रडारड असते आणि बाईंना वेळ नसतो. तासाभराने जा आणि खाऊच्या सुट्टीपर्यंत बसा. मिस्टरांना सांगा, मोबाइल खिशात ठेवा, फोटो काढायला लागलं की मुलं काम सोडून बघत बसतात. आणि मुलीला पहिल्या दिवशी नेऊ नका, आधी तुम्ही दोघंच जा. प्रवेशाला जन्मदाखला, आधार आणि पत्त्याचा पुरावा मागतील, त्यांच्या झेरॉक्स घेऊनच जा म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.